मिठाच्या मोसमातले दुमिंगकाका

संक्रांत झाली की आमच्या आचोळ्याच्या गल्लीतसुद्धा संध्याकाळी वारा फिरतो. एरवी इथे वारा कसला? चार बिल्डिंगांच्या मधोमध माझं मेडिकलचं दुकान, समोर रिक्षा, वर वायरींचं जाळं. पण जानेवारीच्या मध्याला, पाच-सव्वापाचच्या सुमाराला, खाडीकडून एक कोरडी, खारट झुळूक येते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडवून जाते. गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळत नाही, ते आपलं खोकल्याचं औषध मागत असतं. मी मात्र बाटली हातात धरून तसाच उभा राहतो. "ओ काका, किती झाले?" असं त्याला दोनदा विचारावं लागतं.

मिठाचा मोसम लागला, एवढाच त्या वाऱ्याचा अर्थ. म्हणजे मिठागरं चालू होती तेव्हा लागायचा. आता त्यातली निम्मी बुजली, उरलेल्यांत पाणी नुसतं साचून हिरवं होतं. वाऱ्याला ते कोणी कळवलेलं दिसत नाही. तो आपला दरवर्षी ठरल्या वेळी येतो आणि मला एक जुना प्रश्न विचारून जातो. तो प्रश्न कोणता, ते सांगणारच आहे. पण पहिल्याच पानावर सांगायचा धीर मला नाही.

यंदा त्या वाऱ्याबरोबर तीन तरुण दुकानात आले. खाडीकडच्या गावातले, फुटबॉल कमिटीचे. "सतीशकाका, दुमिंग सरांच्या नावाने या वर्षीपासून चषक सुरू करतोय. माहितीपत्रकात त्यांचा फोटो टाकतोय. खाली थोडं त्यांच्याबद्दल पाहिजे. तुम्ही टीममध्ये त्यांच्यासोबत होतात ना, डॉक्टर म्हणून?"

"डॉक्टर नाही रे, कंपाउंडर," मी म्हटलं.

"तेच ते. अर्धं पान पुरे. कारकीर्द वगैरे. बघा ना, प्लीज."

बघतो म्हणालो. माणूस जाऊन पुरते चार महिने झाले नव्हते आणि त्याची कारकीर्द माझ्याकडून अर्ध्या पानात हवी होती. नाही म्हणायला मला काय झालं होतं? पण त्या गावाला नाही म्हणणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. सगळं लफडं तिथूनच तर सुरू झालं.

मी त्या गावचा नव्हे. वडील राजापूरकडचे. नोकरीसाठी वसईत आले आणि गावाच्या कडेला, मिठागरांच्या वाटेवर एक खोली भाड्याने घेऊन राहिले. मी शाळेत गेलो तो तिथल्याच पोरांबरोबर, नाताळात त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या विहिरीवर पोहायला शिकलो. तरी गावाच्या लेखी आम्ही 'कोकनातले' ते कोकनातलेच. कोणी वाईट वागलं असं नाही हं. पण अंगणात खुर्च्या मांडताना आमची खुर्ची नेहमी शेवटी आठवायची.

बॉल मला कधी नीट मारता आला नाही. तळपाय सपाट, दम कमी. बारावीनंतर माणिकपूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लागलो आणि पट्ट्या बांधायला शिकलो. माझा हात हलका आहे असं डॉक्टर चारचौघांत म्हणायचे. त्या हलक्या हाताच्या जोरावर मी गावच्या टीममध्ये शिरलो. खेळता येत नसलेला मी, पण टीमच्या दरवर्षीच्या फोटोत डावीकडे कोपऱ्यात बॅग घेऊन उभा आहे. आजही ते फोटो बघताना मी आधी स्वतःला शोधतो, मग बाकीच्यांना.

अर्धं पान मी असं सुरू केलं: 'जन्म मिठागरात काम करणाऱ्या कुटुंबात. शिक्षण सातवीपर्यंत.' एवढं लिहून बसून राहिलो. बायको भाजी निवडत होती. "अहो, लिहिताय की नुसतं पेन चावताय?" तिने विचारलं. मी म्हटलं, आठवतोय. "आठवायला काय लागतं तुम्हाला, झोपेतसुद्धा काका काका करता." ती सहज बोलून गेली. झोपेत मी काय बोलतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि आणखी काय काय बोलतो ते विचारायचं धैर्य झालं नाही.

दुमिंगकाकांना चर्चच्या सणाच्या स्पर्धेत कोणीतरी हेरलं. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीचा साहेब सणाच्या जेवणाला पाहुणा म्हणून आला होता, त्याने अनवाणी खेळणारा हा काळा, काटक पोरगा पाहिला आणि महिन्याभरात त्याला शिपायाची नोकरी दिली. त्या काळी मोठमोठ्या कंपन्या फुटबॉलच्या टीम बाळगायच्या. सकाळी मैदानावर सराव, दुपारनंतर ऑफिसात फायली उचलायच्या, आणि पगार मात्र खरा दोन पायांचा. अकरा मोसम काका लेफ्ट हाफ खेळले. कलकत्त्याला खेळले, केरळात खेळले. "कलकत्त्याला एवढी मानसं वरडायची की शिट्टी ऐकू यायची नाय. पंचाच्या हाताकडं बघून खेळायचं," ते सांगायचे. वर्तमानपत्रातलं एक कात्रण त्यांच्याकडे होतं. फोटोत त्यांचा एक पाय आणि अर्धा चेहरा, बाकी सगळा दुसराच कोणी. तरी ते कात्रण त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून बायबलात ठेवलं होतं.

मग गुडघा. ही गोष्ट ते कधीतरीच सांगायचे, आणि सांगताना आवाज अजिबात चढवायचे नाहीत. "आदल्या मॅचला सुजला होता, सत्या. साहेब ड्रेसिंग रूममध्ये आला, खांद्यावर हात टाकून म्हनाला, दुमिंग, खेळशील ना? आता तूच सांग, कोन नाय म्हननार? नोकरी त्याच्या हातात, टीममधली जागा त्याच्या हातात. मी म्हटलं, खेळतो साहेब. सुई मारली. दुसऱ्या हाफला आतून फट्टकन आवाज आला. गुडघ्याला नाय कळला, कानाला कळला."

त्यानंतर चौदा वर्षं डिस्पॅचमध्ये पाकिटं चिकटवली. तोच साहेब रोज लिफ्टकडे जाताना त्यांच्या टेबलासमोरून जायचा. "पयल्या वर्षी विचारायचा, गुडघा कसा हाय. मंग नुसती मान हलवायचा. मंग तेवढी पन नाय." कंपनीने पुढे टीमच मोडली, माणसं कमी केली आणि काका गावी परत आले. डाव्या पायाने लंगडत. गावाने त्यांच्या हातात आपली टीम दिली.

टीम म्हणजे काय होती, तेही सांगितलं पाहिजे. आम्ही कुठल्याच लीगमध्ये नव्हतो. ना नोंदणी, ना स्वतःचं मैदान. नाताळ ते मे गावोगाव स्पर्धा चालायच्या, कुठे चर्चच्या सणाला, कुठे कोणाच्या स्मरणार्थ, तिथे टेम्पोत बसून जायचं आणि खेळायचं. बंद पडलेल्या एका मिठागरात आमचा सराव चालायचा. जमीन कडक, वरून भेगा पडलेली, चालताना पापड मोडल्यासारखी वाजायची. पडलं की गुडघा सोलवटायचा आणि जखमेत मीठ जायचं. पोरं ठणाणा करायची, मी पाण्याची बाटली घेऊन धावायचो आणि काका म्हणायचे, "बघ, औषध पन जागेवरच हाय."

त्यांच्याकडे ना फळा होता ना खडू. शेजारच्या चालू मिठागरातून ते घमेल्यात मीठ आणायचे आणि जमिनीवर अकरा मुठी मांडायचे. ही मूठ गोली, ही मूठ बॅक. मग बोटाने एकेक मूठ सरकवत, कोण पुढे गेला की कोणी मागे यायचं ते समजवायचे. पोरांना ते मिठागरातल्या अरुंद बांधांवरून एका रांगेत धावायला लावायचे. पाय लांब टाकलास तर खाली खाऱ्या पाण्यात. त्यामुळे आमची पोरं आखूड पावलं टाकायला शिकली आणि गर्दीतून बॉल घेऊन निघायला लागली. संध्याकाळी सराव संपला की त्या मुठी तशाच राहायच्या. परतताना मी मागे वळून बघायचो. रिकाम्या मैदानात अकरा पांढरे ठिपके उभे असायचे आणि मला कारण नसताना भीती वाटायची.

आता तो नियम. या नियमासाठीच खरं तर मी लिहायला बसलोय.

काका कुठल्याही खेळाडूला 'खेळशील ना' असं विचारत नसत. कधीही नाही. "खेळाडूला विचारायचं नाय. खेळाडू खोटं बोलतो. मी बोललो तसा. गुडघा खोटं बोलत नाय." म्हणून प्रत्येक मॅचच्या आधी मिठागरातल्या झोपडीत, नाही तर जिथे असू तिथे आडोशाला, पोरं बाकावर पँट वर करून रांगेत बसायची आणि मी एकेकाचे गुडघे, घोटे दाबून बघायचो. काका त्या वेळी आत थांबत नसत. लांब बांधावर जाऊन, पाठ करून उभे राहायचे. पोरांनी त्यांच्याकडे केविलवाणं बघू नये आणि त्यांनी पोरांकडे आशेनं बघू नये, म्हणून. माझं दाबून झालं की मी बांधावर जायचो. ते न वळता विचारायचे, "कोन कोन?" मी नावं सांगायचो. ज्याचं नाव मी घेतलं नाही तो बसला. पुढे एक शब्द नाही.

गावातला मोठ्यात मोठा माणूस टीमबद्दल काकांना काही सांगू शकत नसे, आणि काका मात्र या कोकणातल्या कंपाउंडरच्या शब्दावर अकरा जण मैदानात उतरवायचे. त्या दोन मिनिटांसाठी मी आठवडाभर जगायचो, खोटं कशाला बोलू?

नेल्सन आमचा स्ट्रायकर. एकवीस वर्षांचा, बापाविना वाढलेला, आई बाजारात भाजी घेऊन बसायची. आखूड पावलांची करामत त्याच्याइतकी कोणालाच जमली नाही. त्या वर्षी, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांमागे, मुंबईतल्या एका कंपनीने त्याला ट्रायलला बोलावलं. निवड झाली तर कायमची नोकरी. काकांनी स्वतः जुन्या ओळखी धरून, दहा जणांचे उंबरे झिजवून ते जमवलं होतं. नेल्सनची आई काकांच्या पाया पडायला गेली तर ते मागच्या दाराने निघून गेले. ट्रायल बुधवारी होती. त्याआधीच्या रविवारी फायनल, खाडीपलीकडच्या गावाशी. त्या गावाने आम्हाला लागोपाठ तीन फायनलमध्ये खडे चारले होते.

शनिवारी सेमीफायनलला नेल्सनचा उजवा गुडघा मुरगळला. संध्याकाळपर्यंत सूज आली. मी बर्फ लावला, पट्टी बांधली. परतताना कमिटीच्या अध्यक्षांनी मला घरात बोलावलं. चहा दिला, नुसता चहा नाही, बशीत सणासुदीला तळतात ते गोड फुगे. अंगणात चार-पाच मोठी माणसं बसली होती, आणि माझ्यासाठी खुर्ची आधीच मांडलेली होती. नेल्सनच्या गुडघ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "उद्याच्याला आपला सतीश काय ते बरोबर करील. आपलाच मानूस हाय तो."

बस्स. एवढ्यावर मी विकला गेलो. कोणी दमदाटी केली असती, पैसे देऊ केले असते, तर कदाचित ताठ राहिलो असतो. पण 'आपला' म्हटलं. तीस वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द बशीतल्या फुग्यांबरोबर समोर आला आणि मी तो मुकाट गिळला.

रविवारची चर्चमधली मिस्सा आटपून दुपारनंतर टीम झोपडीत जमली. मी एकेकाचे गुडघे दाबत नेल्सनपाशी आलो. सूज होती. उतरली होती थोडी, पण आत बोटाला पाणी लागत होतं. त्याने दात आवळले. मग हळूच, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "सत्या, दुखतंय रे. सरांना सांग, मी बसतो आज. बुधवारी ट्रायल आहे."

मी उठलो. बांधावर गेलो. तोच वारा होता, हा आत्ता कॅलेंडर फडफडवतो तो. काका पाठ करून उभे होते, जुन्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये. "कोन कोन?" मी अकरा नावं सांगितली. नेल्सनचं नाव सहावं घेतलं, मध्ये कुठेतरी, म्हणजे वेगळं वाटायला नको. ते तरीही वळले. त्या एकाच दिवशी वळले. "नेल्सन?" मी म्हटलं, "सूज उतरलीय काका. चालेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. गुडघा खोटं बोलत नाही, आणि गुडघा दाबणाराही नाही, असं ते धरून चालले होते.

झोपडीत परत आलो. नेल्सन वाट बघत होता. मी त्याला म्हटलं, "सांगितलं सरांना. ते म्हणाले, खेळ. गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे म्हणाले."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग दाराबाहेर, लांब बांधावरच्या त्या निळ्या पाठीकडे बघितलं.  खाली वाकून मोजा चढवला.

हे मी परवापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. एका झोपडीपासून बांधापर्यंत चालत जायला दीड मिनिट लागतं, तेवढ्यात मी दोन माणसांशी दोन वेगळी खोटी बोललो. एकाला दुसऱ्याबद्दल, दुसऱ्याला पहिल्याबद्दल.

पहिल्या हाफला नेल्सननेच गोल मारला. हाफ टाइमला काका माझ्याकडे वळून "चालेल ना अजून?" म्हणाले आणि मी अंगठा दाखवला. मग त्यांनी नेल्सनच्या पाठीवर थाप मारली, "थोडंच राह्यलंय." बरं वाटावं म्हणून मारली हो. नेल्सन त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला कळली, त्यांना कळली नाही. दुसऱ्या हाफला कॉर्नरजवळ त्याने पाय रोवला, वळला, आणि खाली बसला. पडला नाही, बसला. काका लंगडत, पळत मैदानात गेले, त्याच्या गुडघ्याला हात लावायला वाकले, तर त्याने त्यांचा हात झटकून टाकला. लोकांना वाटलं, कळ लागली असेल.

आम्ही जिंकलो. बेंजो वाजत होता. मी मासळीच्या पेटीतला बर्फ टॉवेलात बांधून त्याच्या गुडघ्यावर धरला होता, बर्फाला बांगड्याचा वास येत होता. लोक येऊन माझ्याही पाठीवर थापा मारत होते.

गुडघ्यातली दोरी तुटली होती. ट्रायल गेली, नोकरी गेली. ऑपरेशनसाठी गावाने हात सढळ केला, पण पाय काही पूर्वीचा झाला नाही. काका रोज त्याच्या घरी जायचे आणि तो रोज भिंतीकडे तोंड करायचा. आठवडाभराने त्याची आईच दारात उभी राहून म्हणाली, "सर, तुम्ही नका येऊ. त्याला त्रास होतो." त्या दिवशी काकांनी टीम सोडली. कमिटीला म्हणाले, "माझी नजर चुकली. बघायला मी हवा होतो, मी पाठ करून उभा राह्यलो." सगळा दोष स्वतःवर घेतला. मी तिथेच, दाराला टेकून उभा होतो, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

आणि मग तो प्रश्न. दोघेच मिठागरातून परत येत होतो. वारा समोरून येत होता. ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, "सत्या, सूज उतरली होती ना रे?"

रागाने नाही. संशयानेही नाही. एखादा माणूस घरून निघाल्यावर 'कुलूप लावलं होतं ना' विचारतो तसं.

"उतरली होती, काका," मी म्हटलं.

परत त्यांनी कधी विचारलं नाही. वाऱ्याने मात्र एकही जानेवारी सोडला नाही. मी गोळ्या मोजत असतो, सूज उतरली होती ना रे. एखादी म्हातारी काउंटरवर पाय ठेवून गुडघा दाखवते, मी बोटाने दाबतो, आणि बोटाखाली नेल्सनचं पाणी हलतं. कधी रस्त्यापलीकडे, एटीएमच्या बाजूला, निळ्या ट्रॅकसूटमध्ये कोणीतरी पाठ करून उभा दिसतो. मी वाट बघतो. तो वळतो, तर भलताच कोणी असतो, मोबाइलवर बोलणारा. तो वळेपर्यंतचा वेळ मात्र फार मोठा असतो.

दर नाताळला काका एक ताट नेल्सनकडे पाठवायचे. करंज्या, केक, रवाळीचे तुकडे, वर क्रोशाचा रुमाल. स्वतः जायची सोय नव्हती, म्हणून न्यायचो मी. पहिल्या वर्षी नेल्सनने रुमालही उचलला नाही. "परत ने. त्यांच्या तोंडावर सांग, नको म्हणून." मी ते ताट माझ्या घरी नेलं. काकांनी विचारलं, "घेतलं?" मी म्हटलं, "घेतलं." पुढच्या वर्षीही घेतलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. तीन वर्षं मी ती मिठाई कधी खाडीत टाकली, कधी कामवाल्या बाईला दिली. करंजी तोंडात घालायची हिंमत झाली नाही. चौथ्या वर्षी मी आचोळ्याला राहायला आलो, आणि ताट कोण न्यायचं ते विचारलं नाही.

गेल्या भाताच्या कापणीच्या सुमाराला काका गेले. म्हातारपण, दुसरं काय. दोन दिवस आधी मी भेटून आलो. पलंगाशी बसलो, पाय चेपले. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. डावा गुडघा हाताला लागला, जुना, गाठीगाठींचा, आणि ते डोळे मिटून म्हणाले, "तुझा हात हलका हाय, सत्या." तिथे माझं सगळं अवसान गळालं.

तर असं ते अर्धं पान. 'अकरा मोसम मुंबईत खेळले. निवृत्तीनंतर गावच्या संघाला घडवले.' इथवर लिहिलं. पुढचं वाक्य होतं, 'एका खेळाडूला झालेल्या दुखापतीनंतर...' त्या वाक्याला क्रियापद सापडेना. काहीही लिहिलं तरी ते माझं आणखी एक खोटं होणार होतं, आणि यावेळी छापील. परवा मी पेन खाली ठेवलं, दुकानावर भाच्याला बसवलं आणि वालीवला गेलो.

नेल्सन तिथे एका गाळ्यात सुपरवायझर आहे, बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवतात तिथे. दुपारची सुट्टी होती. बाहेर टपरीवर बसलो. तो जरा जाडा झालाय, कानाशी पांढरे केस. उजवा पाय त्याला बाकाखाली घेता येत नाही, सरळ रस्त्याकडे लांब करून बसतो, येणारा-जाणारा वळसा घालून जातो. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. त्याने माझ्या चहात साखर कमी सांगितली, इतक्या वर्षांनी त्याच्या लक्षात होतं.

मी सांगितलं. झोपडी, बांध, दोन्हीकडचं बोलणं, सगळं. मधे एकदाही थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून पळालो असतो. आत मशीन चालू होतं, झाकणं पिंपात पडल्याचा आवाज येत होता. तो चहाच्या ग्लासकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे मला दुखतंय हे सरांना माहीतच नव्हतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्याने ग्लास बाकावर ठेवला. शिवी देईल, मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.  टपरीवाल्याने दोनदा रिकामे ग्लास मागितले. मग नेल्सन माझ्याकडे न बघता बोलायला लागला, अगदी साध्या आवाजात.

"मयत आमच्या दारावरून गेली. आई म्हणाली, चल, निदान रस्त्यावर तरी उभा राहा, माणूस गेला तो. मी दार लावून घेतलं. खिडकीच्या फटीतून बघत होतो. पेटीला पुढे उजव्या बाजूला तू होतास. रडत होतास."

मी मान हलवली.

"तेव्हा मी आईला म्हटलं," नेल्सन म्हणाला, "बघ, सतीश किती चांगला आहे. सरांनी माझं काय केलं ते त्याला माहितीय, तरी खांदा द्यायला आला."